अडीच सुती की आठ मिलिमीटर?

जुनी गाडी खोलायला घेतली की पहिल्या दिवशी डोळ्यांपुढे असतो तो रंगवलेला, चकचकीत शेवट. हातात पाना असतो, अंगात उत्साह असतो आणि बाजूला एक रिकामा डबा असतो. निघेल तो बोल्ट त्या डब्यात. संध्याकाळपर्यंत डबा भरतो आणि अर्धी गाडी त्यातच हरवते. पत्रा ठोकून सरळ होतो, सिलिंडर बोअर करून मिळतात. पण डब्यातल्या चारशे बोल्टांपैकी वॉटर पंपाचे चार कोणते, हे सांगायला कुणी उरत नाही.

बोल्ट शोधणं म्हणजे दुकानं पालथी घालणं, असं वाटतं. खरं काम त्याच्या आधीचं आहे: नेमकं काय शोधायचंय ते ठरवणं. त्यासाठी निघालेला बोल्ट हाच सगळ्यांत भरवशाचा पुरावा. म्हणून नवा बोल्ट जागेवर बसून आवळला जाईपर्यंत जुना फेकायचा नाही. डोकं गोल झालेला नाही, मधून तुटलेला नाही, गंजून निम्मा झालेलाही नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. उघडा भाग गंजाने खाल्ला असला तरी नटाखाली झाकलेले चार-पाच आटे बहुतेक वेळा शाबूत असतात आणि तेवढे वाचायला पुरतात.

एका भागाचे बोल्ट एका पिशवीत, आणि चिठ्ठी पिशवीच्या आत, पेन्सिलीने लिहिलेली. मार्करची शाई तेल लागलं की जाते, पेन्सिल टिकते. टायमिंग कव्हर, वॉटर पंप, गिअरबॉक्सचं झाकण यांचा आकार पुठ्ठ्यावर काढावा, भोकं पाडावीत आणि ज्या भोकातला बोल्ट त्याच भोकात खोचावा. कारण या झाकणांना बहुधा दोन-तीन वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतात. आखूड बोल्ट लांबाच्या जागी गेला तर दोनच आटे पकडतो आणि आवळताना ओतकामातले आटे घेऊन बाहेर येतो. लांब बोल्ट आखुडाच्या जागी गेला तर बंद भोकाच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, झाकण मात्र सैलच राहतं. जोर लावला तर मागची भिंत तडकते.

आता एक बोल्ट जवळून पाहू. रॉकेल आणि पितळी ब्रशने आटे स्वच्छ केले, व्हर्निअर (बारीक मोजमापाची पट्टी) लावला. बाहेरचा व्यास ७.८५ मि.मी. आला. बोल्टचा व्यास नावाच्या मापापेक्षा किंचित कमीच भरतो, तेव्हा हा अडीच सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे ५/१६ इंची (७.९४ मि.मी.) असू शकतो, आणि आठ मिलिमीटरचाही. व्यासाने निकाल लागत नाही. मग पिच गेजचं पातं आट्यांवर टेकवून उजेडाकडे धरायचं. पातं आणि आटे यांच्यामधून कुठेही प्रकाश दिसता कामा नये. इंची पात्यावरचा आकडा म्हणजे इंचाला किती आटे; मेट्रिक पात्यावरचा म्हणजे पिच, शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर. २४ चं पातं बसलं तर यूएनएफ, म्हणजे युनिफाइड बारीक आटा. २२ चं बसलं तर बीएसएफ, म्हणजे ब्रिटिश बारीक आटा. १८ चं बसलं तर यूएनसी (युनिफाइड जाड आटा) किंवा बीएसडब्ल्यू (ब्रिटिश व्हिटवर्थ आटा). १.२५ मि.मी.चं बसलं तर साधा एम८, म्हणजे आठ मिलिमीटरचा मेट्रिक, १.० चं बसलं तर बारीक आट्यांचा एम८. घोळ होतो तो २४ आणि १.० यांच्यात. इंचाला २४ आटे म्हणजे १.०५८ मि.मी.चा पिच. चार आट्यांवर दोन्ही पाती बसल्यासारखी वाटतात, फरक कळतो तो लांबीवर. पूर्ण एक इंच मोजा: यूएनएफचे चोवीस आटे भरतील, मेट्रिकचे पंचवीसच्या थोडे वर.

शंका उरलीच तर डोकं मोजावं, समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर. ५/१६ यूएनएफचं डोकं अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी.; एम८ चं बहुतेक ठिकाणी १३, जपानी गाड्यांत बऱ्याचदा १२; ५/१६ बीएसएफचं १३.३. तेरा नंबरचा पाना १२.७ च्या डोक्यावर बसतो, किंचित खुळखुळतो आणि कोपरे गोल करतो. जुन्या इंग्लिश गाड्यांत गोल झालेल्या डोक्यांचं हे नेहमीचं कारण.

या जवळपास सारख्या मापांनीच सगळ्यांत जास्त नुकसान होतं. ५/१६ चा यूएनएफ बोल्ट एम८ च्या बारीक नटात दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने जातो, मग अडतो. इथे थांबायचं असतं. पाना लावून पुढे रेटला तर तो जातोही, आणि दोन्हींचे आटे एकमेकांत चिरडून असा बसतो की पुढच्या वेळी कापूनच काढावा लागेल. ब्रेकच्या नळ्यांच्या नटांत तीन सुती २४ आट्यांचा आणि एम१० गुणिले १.० यांचा असाच घोळ होतो, आणि तिथे किंमत नुसत्या आट्यांची नसते. विजेच्या जोडण्यांत ०बीए (बीए म्हणजे लहान स्क्रूंचा जुना ब्रिटिश आटा) आणि एम६ ही अशीच जोडी: दोन्ही सहा मिलिमीटर, दोन्हींचा पिच एक मिलिमीटर, पण बीएच्या आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश आणि मेट्रिकचा साठ. नियम सोपा आहे. स्वच्छ आट्यांत योग्य बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत जातो. बोटांनी जात नसेल तर एक तर आटे घाण आहेत किंवा बोल्ट चुकीचा आहे, आणि पाना या दोन्हींवरचा उपाय नाही.

एकाच गाडीत इतकी मापं येतात कुठून? जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये पंचावन्न अंशांचा, गोलसर माथ्याचा आटा सुचवला. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये साठ अंशांचा आणला. १९०८ मध्ये व्हिटवर्थच्याच घराण्यातला बारीक आटा, बीएसएफ, आला. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या सुट्या भागांचा मेळ बसेना, म्हणून १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी युनिफाइड आटे मान्य केले. कारखाने मात्र एका रात्रीत बदलत नाहीत. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातल्या इंग्लिश गाडीत चेसिसवर यूएनएफ, जुन्या रचनेच्या गिअरबॉक्सवर बीएसएफ आणि डॅशबोर्डमागे बीए, असा संसार सुखाने नांदतो. कहर केला आहे एमजीच्या टी मालिकेतल्या एक्सपीएजी इंजिनाने. त्याचे आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थच्या पान्याची. एमजीच्याच घराण्यातल्या मॉरिसने कॉव्हेंट्रीतला हॉचकिस हा फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, तेव्हा तिथल्या यंत्रांबरोबर फ्रेंच आटेही घरात आले. गॅरेजवाल्यांकडे पाने मात्र इंग्लिश होते. अशा इंजिनावर डोकं पाहून आट्याचा अंदाज बांधणारा हमखास फसतो.

व्हिटवर्थचे पाने हेही एक प्रकरण आहे. पान्यावरचा आकडा डोक्याच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या व्यासाचा असतो. म्हणून १/४ डब्ल्यू आणि ५/१६ बीएस असे दोन आकडे एकाच तोंडावर कोरलेले दिसतात. १/४ बीएसडब्ल्यू आणि १/४ यूएनसी दोन्हींचे इंचाला वीस आटे, त्यामुळे ते एकमेकांत जातात. पण कोन वेगळा, म्हणून आटे पूर्ण पोटाशी न टेकता कडांवर टेकतात. नंबरप्लेटला चालेल, इंजिनाला नाही. आणि अर्ध्या इंचात तर तेही जमत नाही: बीएसडब्ल्यूचे बारा, यूएनसीचे तेरा.

माप ठरलं की ताकद. अमेरिकी पद्धतीत डोक्यावर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, कोरं डोकं म्हणजे साधं पोलाद. मेट्रिक बोल्टवर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये; दुसरा सांगतो की त्या ताकदीच्या किती दशांशाला बोल्ट कायमचा ताणला जातो. ८.८ म्हणजे ८०० ला तुटणार, ६४० ला ताणला जाणार. जुन्या इंग्लिश बोल्टवर आर, एस, टी अक्षरं दिसतात: चौरस इंचाला ४५, ५० आणि ५५ टन. मेगापास्कलमध्ये ते साधारण ६९५, ७७० आणि ८५० होतात. म्हणजे ‘एस’च्या जागी ग्रेड ५ (सुमारे ८२५) निर्धास्त चालतो. ‘टी’च्या जागी ग्रेड ५ थोडा कमी पडतो, तिथे ग्रेड ८ घ्यावा.

पण सगळीकडे ग्रेड ८ किंवा १२.९ ठोकून मोकळं होणं ही ‘जास्त म्हणजे चांगलं’वाल्यांची खोड आहे. बोल्ट ॲल्युमिनियमच्या भोकात जाणार असेल आणि कुणी त्याच्या ग्रेडच्या तक्त्याप्रमाणे टॉर्क (आवळताना दिलेला पीळ) दिला, तर बोल्टला काही होत नाही, भोकातले आटे निघतात. नाकापेक्षा मोती जड. टॉर्क नेहमी गाडीच्या मॅन्युअलचा, बोल्टच्या पाकिटावरचा नव्हे.

आणखी एक गोष्ट नजरेतून निसटते: बिनआट्यांचा दांडा. डोक्यापर्यंत आटे असलेला तो सेटस्क्रू, मध्ये गुळगुळीत दांडा असलेला तो बोल्ट. सस्पेन्शनचे आर्म, शॉक ॲब्सॉर्बर, प्रॉपेलर शाफ्टचा फ्लँज अशा ठिकाणी दोन भागांच्या सांध्यावर दांडाच यायला हवा. तिथे आटे आले तर ते भोकाला कानशीसारखे घासतात, आणि बोल्ट आट्याच्या खाचेतून थकून तुटतो. मागणी देताना म्हणून दोन लांब्या लिहाव्यात, डोक्याखालची पूर्ण लांबी आणि दांड्याची लांबी. हव्या त्या दांड्याचा बोल्ट मिळत नसेल तर एक जुनी युक्ती चालते. तेवढाच दांडा असलेला लांब बोल्ट घ्यायचा आणि आट्यांचं जादा टोक कापायचं. प्रमाणित इंची बोल्टला सहा इंच लांबीपर्यंत आट्यांची लांबी व्यासाच्या दुप्पट अधिक पाव इंच असते. तीन सुती बोल्टला म्हणजे एक इंच. त्यावरून कापायचा बोल्ट किती लांब घ्यायचा ते घरबसल्या निघतं. कापण्याआधी नट चढवून ठेवावा. कापून, कड घासून मग तो बाहेर काढला की टोकाचे दबलेले आटे सरळ होतात.

आता शोध. पहिला आधार कंपनीची पार्ट्स बुक. ब्रिटिश लेलँड या इंग्लिश कार कंपनीच्या काळातले नंबर तर स्वतःच माप सांगतात. एसएच६०५०८१ घ्या: एसएच म्हणजे षटकोनी सेटस्क्रू, ६ म्हणजे यूएनएफ, ०५ म्हणजे सोळांशातला व्यास (५/१६), ०८ म्हणजे अष्टमांशातली लांबी, म्हणजे एक इंच. अष्टमांश म्हणजे आपलं सूतच. बीएच६०५१०१ म्हणजे त्याच व्यासाचा दांडेवाला बोल्ट, दहा सूत लांब. सूत कळणाऱ्याला हे नंबर पाठ करावे लागत नाहीत.

यूएनएफ, यूएनसी आणि मेट्रिक औद्योगिक विक्रेत्यांकडे सहज मिळतात, आणि तिथेच घ्यावेत. तोच बोल्ट ‘क्लासिक गाडीचा’ म्हणून लहान पिशवीतून घेतला की महाग पडतो. बीएसएफ, बीए आणि बारीक मेट्रिक यांच्यासाठी मात्र त्या गाडीचे खास विक्रेते आणि मालकसंघ गाठावे लागतात. विमानांचे एएन बोल्ट हा एक छान आडमार्ग आहे: आटे यूएनएफचे, ताकद चौरस इंचाला सव्वा लाख पौंड, दांडा नेमक्या मापाचा आणि नंबर पुन्हा सोळांशात, म्हणजे एएन५ हा ५/१६. सीट बेल्टच्या बोल्टचा शोध सगळ्यांत सोपा. गाडी कुठल्याही देशाची असो, तो जवळजवळ नेहमी ७/१६ यूएनएफ, वीस आट्यांचा असतो.

मागणी दहा-वीस टक्के जास्तीची द्यावी. एखादा हरवतो, एखादा प्लेटिंगमध्ये, म्हणजे मुलामा चढवताना, बिघडतो. ग्रेडची खूण आहे पण बनवणाऱ्याची खूण नाही, असा बोल्ट ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनला घेऊ नये. खोट्या ग्रेडच्या बोल्टांचा सुळसुळाट इतका झाला होता की अमेरिकेला १९९० मध्ये खास कायदा करावा लागला. आणि कनेक्टिंग रॉड, फ्लायव्हील, स्टिअरिंग आर्म यांचे बोल्ट लेथवर बनवून घेण्याच्या भानगडीत पडू नये. कारखान्यातले आटे दाबून वळलेले असतात, लेथवरचे कापलेले, आणि वारंवार बसणाऱ्या ताणाखाली कापलेला आटा लवकर चिरतो. लेथवर बनवायचे ते खास आकाराचे, कमी ताणाचे: दिव्याचे, बॉनेटचे, दाराच्या कडीचे.

स्टेनलेसचा मोह प्रत्येकाला होतो. ए२-७० या नेहमीच्या स्टेनलेस बोल्टची तुटण्याची ताकद ७०० मेगापास्कल असली तरी तो ४५० लाच ताणला जातो, म्हणजे ८.८ पेक्षा बराच मऊ. स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टवर कोरडा आवळला की आटे एकमेकांना चिकटून जागच्या जागी वेल्ड झाल्यासारखे बसतात. ॲल्युमिनियमशी ओलाव्यात गाठ पडली की गंजतं ॲल्युमिनियम. मडगार्ड, बंपरची पट्टी, नंबरप्लेट इथे लावा खुशाल, अँटीसीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावून. सस्पेन्शनला नको. शिवाय १९६० च्या इंजिनावर चमकणारं स्टेनलेस डोकं म्हणजे नऊवारीवर स्पोर्ट्स शूज.

जुन्याच बोल्टांना पुन्हा झिंक करून घेणं दिसायला सर्वांत छान, कारण डोक्यावरची जीकेएन, बीज, कामाक्स, फेरबुस ही त्या त्या कारखान्यांची नावं टिकतात, आणि जाणकार नेमकी तीच बघतात. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. साठ अंशांच्या आट्यावर थर जेवढा चढतो त्याच्या चौपट पिच व्यास (आट्याच्या साधारण मध्यावर मोजलेला व्यास) वाढतो. आठ मायक्रॉनचा थर म्हणजे बत्तीस मायक्रॉन, आणि आधी सैल फिरणारा नट अडायला लागतो. दुसरं म्हणजे, प्लेटिंगच्या ॲसिडमधून हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो. १०.९ आणि त्यावरच्या बोल्टांना प्लेटिंगनंतर लगेच सुमारे २०० अंशांवर काही तास भट्टीत ठेवलं नाही, तर आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी जागेवर उभी असताना डोकं टपकन उडू शकतं. असे बोल्ट प्लेटिंगला पाठवूच नयेत, नवेच घ्यावेत. जुन्या सोनेरी बोल्टांवर कॅडमियम असू शकतं. जाम झालेला असा बोल्ट गॅसने तापवला तर विषारी धूर येतो.

पुन्हा वापरायचा बोल्ट ताणला गेलाय का, हे नट सांगतो. शेवटपर्यंत हाताने फिरवा. मध्येच जड होऊन पुढे पुन्हा हलका झाला, तर तिथे मान बारीक झाली आहे. त्याला निरोप द्यावा. स्प्लिट पिन आणि लॉक प्लेट दरवेळी नव्या. आत नायलॉनची कडी असलेला नट १२० अंशांच्या पुढे निरुपयोगी, म्हणून एक्झॉस्टजवळ नको. मॅनिफोल्डच्या स्टडवर पितळी नट, ते गंजून चिकटत नाहीत. स्प्रिंग वॉशर मूळचे होते म्हणून शोभेला लावावेत. ते बोल्ट सैल होऊ देत नाहीत यावर फार विश्वास नको. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर यांनी आडव्या कंपनांत बोल्ट कसा सैल होतो हे दाखवलं, तेव्हापासूनच्या तशा चाचण्यांत या वॉशरांची अब्रू गेलेली आहे. सजावटीच्या स्क्रूंकडेही एकदा बघावं: पन्नाशीच्या दशकातल्या गाडीला पोझिड्राइव्हच्या चांदणीचा स्क्रू लांबूनच खटकतो, तिथे एक खाचेचा किंवा फिलिप्सचाच हवा.

भोकं तेवढीच महत्त्वाची. जुने आटे साफ करायला कापणारा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) घालू नये, तो चांगलं धातूही नेतो. योग्य आट्यांचा एक जादा बोल्ट घ्यावा, त्याला लांबीत तीन खाचा मारून टोक निमुळतं करावं, थोडं तेल लावून हाताने आत-बाहेर फिरवावा. घाण खाचांतून निघते. बंद भोकात तेल किंवा पाणी साचलेलं राहिलं तर बोल्ट पंपाच्या दट्ट्यासारखा त्याला दाबतो आणि सिलिंडर ब्लॉक फुटतो. हवा मारून भोक कोरडं करायचं, डोळ्यांवर चष्मा लावून. ॲल्युमिनियममध्ये किमान दीडपट व्यास इतके आटे पकडीत यायला हवेत. तेवढे उरले नसतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवावी, पण तिचा टॅप वेगळा असतो, नेहमीचा चालत नाही.

शेवटी आवळणं. टॉर्कपैकी सुमारे दहा टक्केच बोल्ट ताणण्यात जातो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात. म्हणून मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा की तेल लावलेल्यांचा, हे आधी बघायचं. कोरड्याचा आकडा तेलकट आट्यांना दिला तर बोल्ट किती तरी जास्त ताणला जातो. आवळून झालेल्या प्रत्येक डोक्यावरून खालच्या भागापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढावी. पहिले काहीशे किलोमीटर झाले की गाडीखाली दिवा घेऊन शिरायचं. जिथे रेघ सलग आहे तिथे हात लावायचा नाही. जिथे ती तुटून दोन्ही टोकं सरकली आहेत, तो बोल्ट काढून पुन्हा व्हर्निअरखाली, आणि त्याच्या पिशवीतल्या जुन्या जोडीदाराशेजारी ठेवून बघायचा.